निम्म्या सह्या नापास का होतात?

‘ब्लॉकचेनवरचा व्यवहार कुणालाही बदलता येत नाही’ हे वाक्य माहितीपत्रकांत हमखास असतं. साखळीत बसलेल्या नोंदीपुरतं ते खरं आहे. पण नोंद होण्याआधी, व्यवहार वाटेत असताना, त्यावरची डिजिटल सही बदलता येते. तीही सही करणारी गुप्त किल्ली (एक गुप्त संख्या) हाती नसताना.

बँकेने इथेरियम या ब्लॉकचेनच्या घराण्यातली साखळी घेतली की हा प्रश्न सोबत येतोच. जेपी मॉर्गनने २०१६ मध्ये आणलेलं क्वोरम असंच, इथेरियमच्या गो भाषेतल्या सॉफ्टवेअरवर बेतलेलं. २०२० मध्ये ते कन्सेन्सिस या कंपनीने घेतलं. त्यात मायनिंग (गणिती शर्यत लावून नोंदी पक्क्या करणं) नाही, पण सहीचं गणित मूळचंच आहे.

ते गणित य² = क्ष³ + ७ या वक्रावर चालतं. य चा वर्ग असल्यामुळे अक्षाच्या वर एक बिंदू असेल, तर तेवढ्याच अंतरावर खालीही एक असतोच. सही करताना यंत्र ‘के’ ही यादृच्छिक संख्या निवडतं, वक्रावरच्या ठरलेल्या बिंदूला तिने गुणतं आणि मिळालेल्या बिंदूचा क्ष-निर्देशक ‘आर’ म्हणून ठेवतं. मग आर गुणिले गुप्त किल्ली, अधिक व्यवहाराचा हॅश (मजकुरातून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा), या बेरजेला के ने भागलं की ‘एस’ मिळतो. हे सारं ‘एन’ या ठरलेल्या ७८ अंकी संख्येने भागून उरणाऱ्या बाकीच्या अंकगणितात. आर आणि एस मिळून सही.

आता के च्या जागी उणे के घ्या. बिंदू अक्षापलीकडे जातो, पण क्ष-निर्देशक तोच, म्हणून आर तोच. एस मात्र एन वजा एस होतो. पडताळणीत फक्त क्ष-निर्देशक जुळवला जातो, त्यामुळे दोन्ही सह्या खऱ्या ठरतात! एन जगजाहीर आहे, वजाबाकी कुणालाही येते. व्यवहाराचा क्रमांक सहीसकट सगळ्याचा हॅश असतो, म्हणून तो बदलतो. रक्कम पोचते, पण बँकेची ताळमेळ प्रणाली जुनाच क्रमांक शोधत बसते.

२०१४ मध्ये बुडालेल्या माउंट गॉक्स या बिटकॉइन बाजाराने गहाळ नाण्यांचं खापर याच गुणधर्मावर फोडलं होतं. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा त्यातला अगदी किरकोळ भागच असा समजावता आला. ‘तांत्रिक दोष’ म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत, विचारायला हवं.

इथेरियमने मार्च २०१६ च्या होमस्टेड बदलात नियम केला: एस हा एन च्या निम्म्याहून मोठा असेल तर व्यवहार नाकारायचा. इथे बँकेची अडचण सुरू होते. तिची किल्ली एचएसएम नावाच्या बंदिस्त यंत्रात असते, बाहेर निघत नाही. ते यंत्र सर्वसाधारण कामाचं. इथेरियमचा नियम त्याला ठाऊक नसतो. साहजिकच सुमारे निम्म्या सह्या नापास होतात.

उपाय यंत्राबाहेर करायचा. आधी केकॅक-२५६ या इथेरियमच्या पद्धतीने हॅश आपणच काढून द्यायचा. प्रमाणित एसएचए३-२५६ चालत नाही, कारण हॅश काढताना मजकुराच्या शेवटी घातली जाणारी भरती दोन्हींत वेगळी आहे. सही करून देणाऱ्या काही सेवा ती डीईआर या बदलत्या लांबीच्या रूपात देतात. त्यातून आर आणि एस सोडवून डावीकडे शून्यं भरत प्रत्येकी ३२ बाइट करायचे. ही शून्यं भरायला विसरलं, तर सरासरी २५६ पैकी एका सहीत आर ३१ बाइटचा किंवा त्याहून लहान निघतो आणि दोष कधीतरीच दिसतो. मग मोठा एस आला तर एन मधून वजा करायचा. चाचणीत एकच सही तपासू नये. ती निम्म्या वेळा नशिबाने पास होते. शंभर वेगवेगळे हॅश सही करून पाहावेत.

उरतो ‘व्ही’. बिंदू अक्षाच्या कुठल्या बाजूला, हे तो सांगतो, आणि एचएसएम तो देत नाही. त्याच्या दोन्ही किमती घालून सहीतून पाठवणाऱ्याचा पत्ता काढायचा. बँकेच्या पत्त्याशी जुळेल ती किंमत खरी. हे एस बदलल्यानंतरच करावं. व्ही चुकला तर सही वैधच राहते, फक्त पाठवणारा म्हणून कुणाचाच नसलेला पत्ता निघतो. त्या पत्त्याचा व्यवहारक्रम (त्या पत्त्यावरून आलेला हा कितवा व्यवहार, हे सांगणारा आकडा) शून्यापासून अपेक्षित असतो, आपल्या व्यवहारावर मात्र समजा ५७ असतो. गॅसची (व्यवहाराच्या शुल्काची) किंमत शून्य असलेल्या खासगी जाळ्यात शिल्लक नसण्याचा अडथळाही येत नाही. त्यामुळे नोड (जाळ्यातलं यंत्र) व्यवहार स्वीकारतो, क्रमांक देतो, आणि आधीचे ५७ व्यवहार येण्याची वाट बघत तो रांगेत ठेवून देतो. लॉगमध्ये चूक दिसत नाही. म्हणून जुळवलेला पत्ता पाठवण्यापूर्वीच तपासावा आणि न जुळल्यास व्यवहार तिथेच थांबवावा.