न बघता मागे जाणारं विमान

एरोब्रिज बाजूला होतो आणि खिडकीतून दिसणारी टर्मिनलची भिंत हळूच लांब जायला लागते. आत कुणी मोबाइल बंद करतंय, कुणी पट्ट्याचं दुसरं टोक शोधतंय. नेमकं त्याच वेळी कॉकपिटमधले दोघे वैमानिक न दिसणाऱ्या दिशेला निघालेले असतात. विमानाला मागचं दाखवणारा आरसा नसतो. मागचं तर राहू द्या, मोठ्या विमानाच्या वैमानिकाला बसल्या जागेवरून स्वतःच्या पंखाचं टोकही नीट दिसत नाही.

रिव्हर्स गिअरही नसतो, कारण विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नसतं. चाकं नुसती घरंगळतात. इंजिनाचा झोत उलटा वळवून मागे सरकता येतं आणि 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या काही कंपन्या डीसी-9 सारखी विमानं तशी गेटवरून काढायच्याही. पण इंधन फार जळायचं, कानठळ्या बसायच्या आणि झोताने उडालेले खडे इंजिनातच शिरायची भीती असायची. म्हणून काम आलं टगकडे, म्हणजे विमान ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या ट्रॅक्टरकडे. या ढकलण्याला पुशबॅक म्हणतात.

उसाची चारचाकी ट्रॉली ट्रॅक्टरने मागे ढकलताना तुम्ही पाहिली असेल, तर टगवाल्याची अडचण समजायला वेळ लागणार नाही. ओढताना ट्रॉली मुकाट्याने मागून येते. ढकलताना मात्र दोन सांधे आडवे येतात: दांडी ट्रॅक्टरला जोडलेली असते तो एक आणि ट्रॉलीच्या पुढच्या आसाला जोडलेली असते तो दुसरा. जरा चुकलं की चूक आपली आपण वाढत जाते. इथे दांडीच्या जागी टो-बार असतो आणि ट्रॉलीच्या जागी ए320 सारखं विमान: साडेसदतीस मीटर लांब, वजनाने सत्तर टनांच्या घरातलं. काही नवे टग टो-बार न लावता विमानाचं पुढचं चाकच उचलून धरतात, त्यामुळे एक सांधा कमी होतो.

टो-बारमध्ये एक पिन मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. वळण प्रमाणाबाहेर गेलं की ती तुटते आणि विमानाचं पुढचं चाक वाचतं. तुटल्यावर मात्र विमान मोकळंच मागे जात राहतं. वैमानिकाने घाबरून कचकन ब्रेक दाबले तर ते शेपटीवर बसायचा धोका, म्हणून ब्रेक हळूच लावायचे असं त्यांना शिकवलेलं असतं.

खरा घोटाळा वळताना होतो. विमान वळतं तेव्हा फिरण्याचं केंद्र मुख्य चाकांच्या रेषेवर कुठेतरी असतं. पंख मागे कललेले असल्यामुळे त्यांची टोकं त्या रेषेच्या मागे पडतात आणि विमान सरळ असताना दिसतं त्यापेक्षा मोठा फेर घेतात. शेपटीचा फेर तर आणखी मोठा. खांद्यावर शिडी घेऊन गल्लीत वळणारा माणूस समोर नीट बघत असतो आणि शिडीचं मागचं टोक कुणाच्या तरी काचेवर बसतं, तसंच हे. उभ्या विमानाकडे बघून पुरेशी वाटलेली जागा वळणात अपुरी पडते. आणि मुळात जागा असते तरी किती? 36 मीटरपर्यंत पंखविस्तार असलेल्या विमानाला स्टँडवर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर, आजूबाजूला किमान साडेचार मीटर मोकळे हवेत, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. म्हणजे जेमतेम एका मोटारीची लांबी.

5 जानेवारी 2018 ला टोरांटोमध्ये कानकूनहून 168 प्रवासी घेऊन आलेलं वेस्टजेट कंपनीचं 737 विमान गेट मिळण्याची वाट बघत उभं होतं. सनविंग कंपनीचं एक रिकामं विमान टगने मागे ढकललं जात होतं. त्याची शेपटी वेस्टजेटच्या पंखावर आदळली आणि आग लागली. प्रवाशांना घसरगुंड्यांवरून खाली उतरावं लागलं. जानेवारी 2024 मध्ये जपानच्या न्यू चितोसे विमानतळावर कोरियन एअरच्या विमानाला मागे ढकलणारा टग बर्फावर घसरला आणि विमानाचा पंख कॅथे पॅसिफिकच्या उभ्या 777 ला लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हीथ्रोवर टगने नेलं जाणारं व्हर्जिनचं 787 ब्रिटिश एअरवेजच्या उभ्या ए350 ला घासलं.

787 आणि ए350 ही दोन्ही विमानं मुख्यतः कार्बन फायबरची. ॲल्युमिनियमला पोचा पडला की तो दिसतो. कार्बन फायबरचा पृष्ठभाग मात्र वरून ठीक दिसत असताना आतले थर सुटलेले असू शकतात. म्हणून ‘जरासं घासलंय’ म्हणून विमान सोडता येत नाही, आतून तपासावं लागतं. जमिनीवरच्या अशा नुकसानीचा जगभरातला वार्षिक खर्च 2035 पर्यंत जवळपास 10 अब्ज डॉलरवर जाईल, असा अंदाज आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने 2022 मध्ये दिला होता.

उपाय काय? 2012 मध्ये अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या संस्थेने मोठ्या विमानांना पंखाची टोकं दाखवणारे कॅमेरे किंवा तसलं काही बसवा अशी शिफारस केली. ती योग्यच होती, पण पुशबॅकच्या वेळी मला जास्त भरवसा वाटतो तो विंग वॉकरचा. पंखाच्या टोकाबरोबर चालणारा, हातात दांड्या घेतलेला हा माणूस. त्याने दोन्ही दांड्यांची डोक्यावर फुली केली की थांबायचं. तो टगवाल्याला दिसेनासा झाला तरी थांबायचं. पाऊस कोसळत असताना, रात्रीच्या पाळीत, मागची विमानं खोळंबलेली असताना दांड्यांची फुली करायला धीर लागतो. ‘उगाच का थांबवलंस?’ असं एकदा जरी कुणी त्याच्यावर खेकसलं, तरी पुढच्या वेळी त्याचे हात उशिरा वर जातात.

टग सुटला म्हणजे धोका संपला असंही नाही. 16 डिसेंबर 2015 ला मुंबईत हैदराबादला निघालेलं एअर इंडियाचं ए319 पुशबॅकनंतर पुढे सरकू लागलं तेव्हा एक तंत्रज्ञ अजून विमानाजवळच होता. तो इंजिनात ओढला गेला.

आता पुढच्या वेळी खिडकीची जागा मिळाली तर थोडा वेळ खाली बघा. टग बाजूला गेल्यावर एक माणूस विमानापासून लांब जाऊन उभा राहतो आणि लाल फीत लावलेली पिन उंच धरतो. ढकलताना पुढच्या चाकाचं वळण वैमानिकाच्या हातून काढून टगवाल्याकडे द्यायला लावलेली ही पिन. ती आता निघाली आहे, चाक परत तुमच्या ताब्यात आहे आणि मीही लांब आलोय, एवढं तो त्यातून वैमानिकाला सांगतो. कॉकपिटमधून हात हलतो. मग तो वळून टगकडे चालू लागतो.