पिवळा पास ते पिवळा रुमाल: सुटकेनंतरच्या सिनेमांची पार्श्वभूमी

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'चा (१८६२) नायक १९ वर्षांनी सुटतो, तेव्हा त्याच्याजवळ कैदी असल्याचा पिवळा पास असतो. खिशात पैसे असूनही खाणावळवाले त्याला बाहेर काढतात. शिक्षा भोगून आलेल्याला जग दारात उभं करत नाही, हा प्रसंग पडद्यावर पुढे कितीदा तरी आला.

हॉलिवूडने तो बरेच दिवस गुन्हेपटात वापरला. फ्रिट्झ लँगच्या 'यू ओन्ली लिव्ह वन्स'मध्ये (१९३७) मधुचंद्राच्या रात्री हॉटेलमालक मासिकातल्या फोटोवरून नवऱ्याला ओळखतो आणि दोघांना हाकलतो. पाठोपाठ ट्रकवरची नोकरी जाते. मग पुन्हा तुरुंग, पिस्तूल, पळापळ. 'स्ट्रेट टाइम'मध्ये (१९७८) पासाच्या जागी पॅरोल अधिकारी आला, म्हणजे सुटलेल्याने ज्याच्याकडे नियमित हजेरी लावायची तो अधिकारी. मूळ कादंबरी १९७३ साली छापली गेली तेव्हा लेखक एडवर्ड बंकर स्वतः तुरुंगात होता. हजेरीची ती कटकट म्हणूनच इतकी खरी वाटते.

या सगळ्यांत घर मात्र कडेलाच राहिलं. ते मध्यभागी आणलं जपानी दिग्दर्शक योजी यामादांनी, 'द यलो हँडकरचीफ'मध्ये (१९७७). आबाशिरीच्या तुरुंगातून सुटलेला नायक (अभिनेता केन ताकाकुरा) आधी हॉटेलात शिरतो, बिअरचा ग्लास दोन्ही हातांनी धरतो आणि घटाघटा पितो. त्या दोन हातांत सगळी कैद दिसते. मला तरी संवादांची गरज वाटली नाही. तुरुंगात असताना बायकोला त्यानेच घटस्फोट घ्यायला लावलेला. आता तो पत्र टाकतो: अजून एकटी असशील, वाट पाहत असशील, तर दारापुढच्या काठीवर पिवळा रुमाल लाव. 'पुन्हा गुन्हा करेल का?' हा जुना प्रश्न इथे कुणी विचारतच नाही.

नायिका आल्या तसा पेच आणखी अवघड झाला. बायको वाट पाहू शकते. लहान मूल वाट पाहत थांबत नाही, ते वाढत राहतं. 'शेरीबेबी'तली (२००६) आई सुटून येते तोवर मुलगी मामा-मामीची झालेली असते. फिलिप क्लोदेलच्या २००८ च्या फ्रेंच चित्रपटात १५ वर्षांनी सुटलेली नायिका (अभिनेत्री क्रिस्टिन स्कॉट थॉमस) धाकट्या बहिणीकडे राहायला येते. बहीण तिला खोली देते, टेबलावर ताट वाढते. मेहुणा मात्र मुलींना तिच्या एकटीच्या भरवशावर सोडायला तयार होत नाही.