एसजीपीटीचा आकडा कुठून येतो?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये साखर मिलिग्रॅममध्ये असते, पण एसजीपीटीपुढे ‘युनिट प्रति लिटर’ असं लिहिलेलं असतं. या वेगळ्या एककाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. मला मात्र सगळ्या रिपोर्टमधली हीच ओळ सर्वांत सुंदर वाटते.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींत काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम. रक्तात ते इतकं थोडं असतं की इतर प्रथिनांच्या गर्दीतून वेगळं काढून तोलणं अवघड. म्हणून लॅबमध्ये त्याला तोलत नाहीत, कामाला लावतात. रक्त गोठल्यावर वर राहिलेल्या सीरममध्ये अ‍ॅलानिन आणि कीटोग्लुटारेट ही दोन रसायनं घालतात. विकर त्यातून पायरुव्हेट बनवतं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आणखी एक विकर आणि एनएडीएच नावाचा रेणू आधीच मिसळलेला असतो. पायरुव्हेटचं लॅक्टेट होताना एनएडीएच खर्ची पडतो. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो, खर्ची पडल्यावर शोषत नाही. नमुना ३७ अंश सेल्सिअसला ठेवून यंत्र फक्त एवढंच पाहतं, की दर मिनिटाला हे शोषण किती घटतं. मिनिटाला एक मायक्रोमोल (रेणू मोजण्याचं एक छोटं माप) पदार्थ बदलणारं विकर म्हणजे एक युनिट.

ही प्रकाशाची युक्ती आर्थर कार्मेन यांनी एसजीओटी या भावंड-विकरासाठी वापरली. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी दाखवलं, की हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातलं एसजीओटी वाढतं. मेलेल्या पेशींतून विकर बाहेर झिरपतं, आणि हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तावरून हृदयाची इजा कळते! झटक्याच्या निदानासाठी आता ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन पाहतात, पण झिरपण्याचं तत्त्व तेच.

एसजीओटी हृदय, स्नायू आणि तांबड्या पेशींतही भरपूर असतं. त्यामुळे जड व्यायामानंतर ते वाढलेलं दिसू शकतं. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरीही तेच होतं. लाल झालेलं सीरम पाहून तंत्रज्ञ पुन्हा नमुना मागतात ते यासाठीच. तेव्हा कृपया वैतागू नका.

या चाचण्यांना ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ म्हणतात, ते मला खटकतं. ही दोन विकरं यकृताची इजा सांगतात, ताकद नव्हे. सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार, खूप पुढे गेला की झिरपायला पेशीच कमी उरतात आणि एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं. तेव्हा डॉक्टर अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ पाहतात, कारण अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं यकृतच बनवतं.