सरकारी नियमांची छाननी आणि उपविधान समिती (कोकण किनाऱ्याच्या संदर्भात)

विधिमंडळ कायदा करतं, पण त्या कायद्याखालचे नियम, आदेश, अधिसूचना, उपविधी हे सगळं तयार करतं ते संबंधित डिपार्टमेंट. डिपार्टमेंटने केलेलं हे काम मूळ कायद्याच्या मर्यादेत बसतंय की नाही हे बघायची जी पद्धत आहे ती म्हणजे नियमांची छाननी. महाराष्ट्रात हे एकाच ऑफिसचं काम नाही. नियम निघायच्या आधी मंत्रालयातला विधी व न्याय विभाग बघतो, निघाल्यानंतर विधिमंडळाची उपविधान समिती बघते, आणि कोणी दाद मागायला गेलंच तर मुंबई उच्च न्यायालय बघतं. कोकणातल्या माणसाचा ह्या विषयाशी रोजचा संबंध आहे, कारण डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत नौका कधी बंद ठेवायची, कुठल्या हंगामात कुठलं जाळं चालेल, भरतीरेषेपासून किती अंतरावर घर बांधता येईल, ह्यातलं बरंचसं कायद्याच्या पुस्तकात सापडतच नाही, ते नियमांत आणि अधिसूचनांत असतं.

उदाहरण म्हणून महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ घ्या. मासेमारीवर बंधनं घालायचा अधिकार ह्या कायद्याने राज्य सरकारला दिला, पण प्रत्यक्ष बंधनं आली ती नंतरच्या नियमांतून आणि आदेशांतून. यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी आदेश काढूनच लागू होते. ५ फेब्रुवारी २०१६ चा पर्ससीनचा (मोठ्या जाळ्याने मासळीचा थवा घेरून पकडायच्या मासेमारीचा) आदेशही तसाच, त्यात परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचं आणि हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच ठेवायचं ठरलं. मालवणातल्या रापणकरांपासून (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांपासून) रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या पर्ससीनवाल्यांपर्यंत सगळ्यांचं वर्षाचं गणित ज्या कागदाने बदललं तो कागद विधानसभेत चर्चा होऊन, मतदान होऊन आलेला नव्हता, तो डिपार्टमेंटचा आदेश होता. आदेश बरोबर होता की चूक हा वेगळा विषय आहे आणि त्यावर किनाऱ्यावर दोन तट आहेत. पण एवढ्या ताकदीचा कागद कोण तपासतं हे दोन्ही बाजूंना माहीत असायला हवं.

अधिकार डिपार्टमेंटकडे का देतात, आणि किती

प्रत्येक बारीक गोष्ट सभागृहात ठरवणं शक्य नसतं. जाळ्याची आस (भोकाचा आकार) किती मिलिमीटर असावी हे ठरवायला मत्स्यशास्त्र कळणारा माणूस लागतो, आणि परिस्थिती बदलली की आकडा पटकन बदलता यावा लागतो. पण ह्याला सीमा आहे. १९५१ च्या दिल्ली लॉज ॲक्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धोरण ठरवण्याचं मूळ काम विधिमंडळाने स्वतःच करायचं, ते दुसऱ्याकडे सोपवता येत नाही, तपशील तेवढा सोपवता येतो. म्हणूनच दंडाच्या मोठ्या रकमा कायद्यातच लिहाव्या लागतात. एलईडी लाईट लावून केलेल्या मासेमारीला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड करायचं ठरलं तेव्हा नुसता आदेश पुरला नाही, २०२१ मध्ये १९८१ च्या कायद्यातच दुरुस्ती करावी लागली. त्याच दुरुस्तीने दंडाचा निवाडा करायचं काम तहसीलदाराकडून काढून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याकडे दिलं.

नियम निघायच्या आधी

डिपार्टमेंट मसुदा करतं, खर्चाचा प्रश्न असेल तर फाईल वित्त विभागाकडे जाते, आणि मग विधी व न्याय विभागाकडे. तिथे पहिला प्रश्न हा की हा नियम करायचा अधिकार कुठल्या कलमाने दिलाय. कुठलाही नियम उघडून बघा, सुरुवातच 'अमुक अधिनियमाच्या अमुक कलमाद्वारे प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून' अशी असते, आणि हे वाक्य लोक वाचतच नाहीत, सरळ खाली दंडाच्या आकड्याकडे जातात. खरं तर सगळ्या नियमाचा पाया त्या एका वाक्यात आहे, कारण तिथे लिहिलेल्या कलमाने तेवढा अधिकार दिलेला नसेल तर खालचं सगळं कोर्टात टिकत नाही.

ज्या कायद्यात 'पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर' नियम करायचे असं लिहिलंय तिथे महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १९०४ चं कलम २४ लागतं (केंद्राच्या कायद्यांसाठी १८९७ च्या अशाच कायद्याचं कलम २३). मसुदा आधी छापायचा, तो कुठल्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल ते सांगायचं, आणि त्या तारखेच्या आत आलेल्या हरकती-सूचनांचा विचार करूनच अंतिम नियम काढायचे. सगळ्याच कायद्यांत ही अट नसते, आणि जिथे नसते तिथे अंतिम नियमच एक दिवस राजपत्रात येतो. राज्याच्या कायद्यांखालचे नियम राजपत्राच्या भाग चार-ब मध्ये छापतात. छापणं हा नुसता उपचार नाही, १९५१ च्या हरला विरुद्ध राजस्थान ह्या निकालात जयपूर संस्थानचा अफूचा कायदा ह्याच कारणावरून टिकला नाही की तो लोकांना कळेल असा प्रसिद्धच केला नव्हता.

निघाल्यानंतर

राज्याच्या बहुतेक कायद्यांच्या शेवटी शेवटी एक ठरलेलं कलम असतं. नियम केल्यावर शक्य तितक्या लवकर विधानसभा आणि विधान परिषद दोन्हीपुढे ठेवायचा, अधिवेशन चालू असताना एकूण ३० दिवस, मग ते दिवस एका अधिवेशनात भरोत की लागोपाठच्या दोन-तीन अधिवेशनांत. मुदतीच्या आत दोन्ही सभागृहांचं एकमत झालं की नियम बदलावा किंवा नकोच, तर तो त्या निर्णयाच्या प्रसिद्धीपासून बदलतो किंवा रद्द होतो, पण तोपर्यंत त्याखाली जे झालं ते कायम राहतं. नागपूरचं हिवाळी अधिवेशन साधारण दोनेक आठवड्यांत आटोपतं, तेव्हा ३० दिवस भरेपर्यंत कितीतरी महिने जाऊ शकतात आणि ह्या सगळ्या काळात नियम लागू असतो, दंड होत असतो, नौका जप्त होत असतात. माझ्या मते आपल्या पद्धतीतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, तपासणी आहे पण ती मागाहून आहे.

सभागृहात शेकडो नियम एकेक करून कोण वाचणार, म्हणून उपविधान समिती. आमदारांची ही समिती डिपार्टमेंटच्या सचिवांना साक्षीला बोलावू शकते, खुलासा मागू शकते आणि आपला अहवाल सभागृहाला देते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे, राज्यसभेत १९६४ पासून. लोकसभेच्या कामकाज नियम ३२० मध्ये ज्या कसोट्या दिल्यात त्यावरून समितीचं काम नीट कळतं: नियम संविधानाला आणि मूळ कायद्याला धरून आहे का, जे कायद्यात यायला पाहिजे ते नियमात घुसवलंय का, त्यातून कर लावला जातोय का, कोर्टात जायची वाट बंद होतेय का, कायद्याने अधिकार दिलेला नसताना मागच्या तारखेपासून लागू केलाय का, छापायला किंवा सभागृहापुढे ठेवायला विनाकारण उशीर झालाय का, आणि दिलेला अधिकार भलत्याच तऱ्हेने वापरलाय का. धोरण चांगलं की वाईट हा समितीचा प्रश्न नसतो. शिवाय समिती फक्त शिफारस करते, तिच्या सहीशिवाय नियम अडून राहत नाही.

सभागृहापुढे ठेवायचंच राहून गेलं तर? १९७९ च्या ॲटलस सायकल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तेवढ्यावरून आदेश आपोआप रद्दबातल ठरत नाही. म्हणजे कायद्यात स्पष्टपणे 'संमतीशिवाय अंमल नाही' असं लिहिलेलं नसेल तर सभागृहाची देखरेख बरीचशी डिपार्टमेंटच्या शिस्तीवर अवलंबून राहते.

आधी मंजुरी, मग अंमल

दुसरी पद्धत कशी असते ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात बघायला मिळतं. तिथे १९८० पासून ऑफिस ऑफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ नावाचं स्वतंत्र कार्यालय आहे. तिथल्या फिश अँड गेम कमिशनने मासेमारीचा नियम केला तरी एरवी तो ह्या कार्यालयाच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही. आधी ४५ दिवस लोकांचं म्हणणं मागवायचं, मजकुरात महत्त्वाचा बदल केला तर पुन्हा निदान १५ दिवस, आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यायचं, मान्य केली तर काय बदललं आणि नाकारली तर का नाकारली. मग सगळी फाईल ह्या कार्यालयाकडे जाते आणि ते कामाच्या ३० दिवसांत निर्णय देतं. कसोट्या सहा आहेत: गरज, अधिकार, स्पष्टता, इतर कायद्यांशी सुसंगती, मूळ कलमाचा संदर्भ, आणि तीच गोष्ट दुसरीकडे आधीच लिहिलेली नसणं. धोरण शहाणपणाचं आहे का हे तेही बघत नाहीत. नामंजूर झालं तर कारणं लेखी मिळतात आणि दुरुस्त करून परत आणायला १२० दिवस असतात. तातडीच्या नियमांना वेगळी, झटपट वाट आहे, त्यांची छाननी १० दिवसांत होते.

ह्यातली 'स्पष्टता' ही कसोटी मला फार महत्त्वाची वाटते. ज्याच्यावर नियम लागू होणार त्यालाच तो वाचून कळला पाहिजे, नाहीतर नियम परत. आपल्याकडे अशी स्वतंत्र कसोटी असती तर कितीतरी अधिसूचना पहिल्याच फेरीत परत गेल्या असत्या. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर देण्याचीही आपल्याकडे सर्वसाधारण सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ ला कॉल ड्रॉपच्या (बोलता बोलता फोन तुटण्याच्या) भरपाईचं ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं, विनियमन रद्द केलं तेव्हा लोकांचं म्हणणं मागवून, त्यावर कारणं देऊन नियम करायचा सर्वसाधारण कायदा संसदेने करावा असं सुचवलं होतं. केंद्राचं ५ फेब्रुवारी २०१४ चं धोरण मसुदे निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवा असं सांगतं, पण ते धोरण आहे, कायदा नाही.

किनाऱ्यावर काय होतं

किनाऱ्यावरचे सगळ्यात जास्त वादाचे मसुदे केंद्राच्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली निघतात. तिथे १९८६ च्याच नियमावलीतला नियम ५ लागतो, मसुदा छापून ६० दिवस हरकतींना. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी ६ जानेवारी २०११ ची. तिसरीचा मसुदा एप्रिल २०१८ मध्ये आला आणि १८ जानेवारी २०१९ ला ती अंतिम झाली. गावांच्या दृष्टीने मोठा बदल असा की दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र (जिथे नवीन बांधकामाला सहसा परवानगी नसते तो पट्टा) भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आलं, बाकी ठिकाणी २०० मीटरच राहिलं. म्हणजे आपलं गाव कुठल्या गटात पडतं हे जनगणनेच्या आकड्यावर ठरतं, आणि कुठली जागा कशात मोडते हे नकाशावर. म्हणून किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या जनसुनावणीला जाताना नकाशा नीट बघून जावं, आपला कोळीवाडा, मासळी सुकवायची वाळवणं, होड्या ओढून ठेवायच्या जागा त्यावर आल्यात का ते शोधावं. नकाशावर सुटलेली जागा नंतर सिद्ध करायला फार त्रास पडतो.

भाषेचा प्रश्न तेवढाच मोठा आहे. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याचा) २०२० चा मसुदा इंग्रजी-हिंदीत आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्यायला सांगितला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. दाभोळच्या किंवा हर्णैच्या माणसाला मसुदा मराठीत मिळणं ही कोणी केलेली मेहेरबानी नाही, त्याशिवाय हरकत घ्यायचा हक्क कागदावरच राहतो.

मुदत कधी पडते हेही बघा. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, सहा राज्यांत मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यातले १७,३४० महाराष्ट्रातले, आणि त्यात कोकणातलीही बरीच गावं. साठ दिवस धरले तर त्यात १ ऑगस्टला नौका सुरू होणं आलं, १९ ऑगस्टची नारळी पौर्णिमा आली आणि ७ सप्टेंबरपासून गणपती आले, म्हणजे अख्खं वर्ष सोडून नेमक्या ह्याच दिवसांत गावाने ग्रामसभा लावायची, सर्व्हे नंबर तपासायचे आणि ठराव पाठवायचा. त्यातल्या त्यात, मुंबईचे चाकरमानी गावात असतात म्हणून ग्रामसभा गणपतीतच उरकून घेणं सोयीचं पडतं.

हरकत लिहिताना नुसतं 'आमचा विरोध आहे' लिहून भागत नाही, ते पत्र इतर पत्रांत मोजलं जातं आणि संपतं. मसुद्याचा क्रमांक आणि तारीख, कुठला खंड, तो मूळ कायद्याच्या कुठल्या कलमाच्या बाहेर जातो, गावावर नेमका काय परिणाम, आणि त्या जागी कुठला मजकूर हवा हे लिहावं, ग्रामसभेचा ठराव जोडावा, पोच घ्यावी. ती पोच पुढे कोर्टात लागते, कारण हरकतींचा विचारच केला नाही हा नियम रद्द करायला मजबूत मुद्दा असतो. फाईलवर काय शेरे पडले ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतं. राज्याचा नियम निघून गेला असेल तर विधान भवनात उपविधान समितीच्या नावाने निवेदन देता येतं, आपल्या आमदारामार्फत दिलं तर ते लवकर पुढे सरकतं.

मसुद्यालाही आयुष्य असतं. पश्चिम घाटाचा पहिला मसुदा मार्च २०१४ चा, ठरलेल्या मुदतीत अंतिम अधिसूचना निघाली नाही की तो बाद होतो आणि नवा काढावा लागतो, २०२४ चा हा सहावा होता. प्रत्येक नव्या मसुद्याला नवी मुदत आणि नवा क्रमांक असतो, म्हणून आधी पाठवली होती ह्या भरवशावर न राहता हरकत त्या नव्या क्रमांकावर पुन्हा पाठवावी, जुन्या पत्राची प्रत आणि पोच जोडून.