कणा दुखावलेल्या स्त्रीचे बाळंतपण : हे ज्ञान कसे जमले आणि सातारा-सांगलीपर्यंत किती आले

मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालची ताकद गेलेल्या स्त्रीला दिवस गेले, की सातारा-सांगलीकडच्या घरांत बहुधा पहिला प्रश्न येतो तो "हिला हे झेपेल का" असा. या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने कित्येक दशकांपूर्वी दिलेले आहे. इजेनंतर काही महिने पाळी थांबते, पण ती पुन्हा सुरू झाल्यावर गर्भधारणेची क्षमता बहुतेक स्त्रियांमध्ये पूर्वीसारखीच राहते, गर्भ नीट वाढतो आणि अनेकींचे बाळंतपण नैसर्गिकरीत्याही होते. अवघड आहे ती तयारी. ती नेमकी कशाची करायची हे कळायला फार काळ गेला, आणि त्याचे कारण या विषयाच्या इतिहासातच आहे.

प्राचीन इजिप्तमधील एका वैद्यकीय पपायरसात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाविषयी "यावर उपचार करू नयेत" असा निर्णय दिलेला आहे, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत व्यवहारात फारसे काही बदलले नव्हते. मज्जारज्जू तुटलेले बहुतेक सैनिक मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने किंवा पाठीवरच्या खोल जखमांनी दगावत. तरीही १९१७ साली हेड आणि रिडॉक या ब्रिटिश डॉक्टरांनी अशा सैनिकांचे निरीक्षण करून मूत्राशय भरल्यावर त्यांना अचानक दरदरून घाम फुटतो, अशी नोंद केली. पुढे नाझी जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयाला आलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात अशा रुग्णांसाठी खास कक्ष सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची काटेकोर काळजी घेणे आणि रुग्णाला लवकर कामाला व खेळाला लावणे या शिस्तीने मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्यांनी आणि शरीरशास्त्रज्ञ व्हिटरिज यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले, की मूत्राशय ताणले गेले की मज्जारज्जूच्या वरच्या भागात इजा असलेल्या रुग्णाचा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढतो.

हे सगळे ज्ञान तरुण पुरुष सैनिकांच्या शरीरांवरून जमा झाले होते, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय पुढचा उशीर समजत नाही. मुळात शरीरशास्त्राला एक महत्त्वाचा धागा फार आधी सापडला होता. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिड्रिख गोल्ट्झ यांनी १८७४ मध्ये मज्जारज्जू छेदलेली कुत्री गाभण राहून पिल्ले जन्माला घालते, असे नोंदवले होते. गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी मेंदूच्या आज्ञेवर अवलंबून नाही, असा त्याचा अर्थ. पण जखमी स्त्रिया जगू लागल्या, संसार करू लागल्या आणि बाळंतपणासाठी दवाखान्यात येऊ लागल्या, तेव्हाच या धाग्याला रुग्णालयात उपयोग मिळाला. गुटमन यांचा गर्भारपण आणि प्रसूतीवरील लेख १९६३ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे त्यांच्या कक्षाला जवळजवळ वीस वर्षे झाल्यानंतर.

त्यानंतरच्या अनुभवातून दोन गोष्टी ठळक झाल्या. पहिली अशी, की गर्भाशयाची वेदना वाहणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या छातीच्या भागातील दहाव्या पातळीपासून कमरेच्या पहिल्या पातळीपर्यंत आत शिरतात (या पातळ्या वरून खाली मोजतात). त्यामुळे त्याच्या वर पूर्ण इजा असेल, तर स्त्रीला कळा दुखत नाहीत. गर्भाशय आपले काम करत राहते आणि बाईला कळतच नाही. काहींना पायांत झटके येतात, काहींना श्वास अपुरा वाटतो, काहींच्या अंगावर शहारे येतात, कोणाला नुसतेच अस्वस्थ वाटते. दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता या स्त्रियांमध्ये अधिक असल्याने हे न कळणे धोक्याचे ठरते. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर तपासण्या वाढवणे आणि पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट होते आहे का हे ओळखायला स्त्रीला व घरच्यांना शिकवणे, ही पद्धत रूढ झाली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. इजा छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर इजेच्या खालून आलेला कोणताही तीव्र संकेत, मग तो तुंबलेल्या लघवीचा असो, साठलेल्या शौचाचा असो वा प्रसूतीच्या कळेचा, रक्तवाहिन्या एकाएकी आवळतो. मेंदूला हे उमगते, पण आवरण्याचा त्याचा निरोप तुटलेल्या जागेच्या खाली पोहोचत नाही. रक्तदाब चढतच जातो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम सुटतो आणि नाडी मात्र अनेकदा मंदावते. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. वेळीच आवरले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सैनिकांच्या मूत्राशयावरून उलगडलेले हे कोडे प्रसूतिगृहात सर्वांत मोठा धोका म्हणून पुढे आले, आणि तेथे त्याची गल्लत गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकाराशी होऊ लागली. दोहोंत फरक असा, की डिसरिफ्लेक्सियात दाब बहुधा कळेबरोबर चढतो आणि कळ ओसरली की उतरतो. शिवाय अशा स्त्रीचा नेहमीचा वरचा दाब ९० ते १०० च्या आसपास असू शकतो. मग तिचा १३० हा आकडा तपासणाऱ्याला साधा वाटतो, तिच्या शरीरासाठी मात्र तो धोक्याची सूचना असतो.

अशा स्त्रीला प्रसूतीच्या सुरुवातीलाच पाठीतून एपिड्युरल भूल द्यावी, असे आज मानले जाते. "दुखतच नाही तर भूल कशाला" हा प्रश्न घरचे विचारतात तेव्हा तो स्वाभाविक असतो, परंतु ही भूल वेदनेसाठी नसून खालून येणारे संकेत अडवण्यासाठी असते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने मज्जारज्जूच्या इजेसह प्रसूतीविषयीचे मार्गदर्शन १९९३ साली काढले, २००२ मध्ये ते पुन्हा काढले आणि २०२० मध्ये नव्याने लिहिले. केवळ कणा दुखावला आहे म्हणून सिझेरियन करण्याची गरज नाही, प्रसूतीची नेहमीची कारणे असतील तरच ते करावे, ही भूमिका आता सर्वमान्य आहे. प्रत्यक्षात सिझेरियनचे प्रमाण या स्त्रियांत अधिकच राहिले आहे, आणि माझ्या मते त्यात वैद्यकीय कारणांइतकाच अपरिचयाचाही वाटा आहे.

भारतात या विषयाची सुरुवात एका विलक्षण योगायोगाने झाली. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस स्त्रीरोगशास्त्राकडे वळू पाहत होत्या. १९५४ मध्ये एका मोटार अपघातात त्यांचा कणा निकामी झाला. चाकाच्या खुर्चीवर बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचे शिक्षण घेतले आणि वेल्लोरला भारतातील या शाखेचा पाया घातला. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. आपल्या भागाचा संबंध मात्र पुन्हा सैन्यातूनच येतो. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठवत आली आहेत, आणि १९७४ पासून खडकीला सुरू असलेले पक्षाघाती जवानांचे केंद्र अनेक घरांना ऐकून माहीत असते. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ती स्पर्धा गुटमन यांच्या रुग्णालयाच्या अंगणातील १९४८ च्या खेळांतूनच वाढलेली आहे. कणा दुखावलेला पुरुष काय करू शकतो याचा दाखला या मातीने असा दिला. झाडावरून, विहिरीत किंवा घाटात पडून कणा दुखावलेल्या शेतकरी स्त्रीसमोर, आई होण्याच्या बाबतीत, तसा दाखला आला नाही.

प्रसूतीच्या सोयीत हा भाग मागे होता असे नाही. मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्येच उभे राहिले, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये आले, पुढे कऱ्हाडलाही मोठे रुग्णालय व महाविद्यालय झाले. उणीव आहे ती दोन शाखांची गाठ पडण्यात. कण्याची शस्त्रक्रिया एका शहरात, फिजिओथेरपी दुसरीकडे, नाव नोंदवलेले सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे ऐन सातव्या-आठव्या महिन्यात, लवकर प्रसूतीचा धोका वाढलेला असताना, डॉक्टर बदलतो आणि इजा कोणत्या पातळीची आहे हे नव्या ठिकाणी कोणालाच ठाऊक नसते. माहेरी जाण्याची रीत मोडा असे कोणी म्हणणार नाही, पण जाण्याआधी माहेरच्या बाजूचे प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांची भेट एकदा झालीच पाहिजे.

बाळंतिणीच्या जुन्या रीतींकडेही या दृष्टीने पाहावे लागते. बाजेखालची शेगडी आणि शेक संवेदना असलेल्या अंगाला सुखाचे असतात. ज्या कातडीला चटका कळत नाही तिला त्यांनी खोल भाजते. पोट घट्ट बांधल्यानेही वरच्या पातळीच्या इजेत रक्तदाब चढू शकतो. लोहाच्या गोळ्यांनी शौचास खडा होतो आणि तोही त्याच साखळीतला दुवा आहे, पण रक्त कमी असले तर पाठीवर जखमा लवकर होतात, म्हणून गोळ्या सोडून चालत नाही. शौचाची वेळ आणि औषध तेवढे नव्याने बसवावे लागते. प्रसूतीच्या टेबलावरही दर थोड्या वेळाने अंग हलवून घ्यावे लागते. अंगावर पाजणे बहुतेकींना जमते, मात्र इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर पान्हा फुटायला अडचण येऊ शकते.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० नुसार प्रजनन व कुटुंबनियोजनाची योग्य माहिती दिव्यांगांना मिळेल हे पाहणे शासनावर बंधनकारक आहे आणि संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया करता येत नाही. ही माहिती पहिल्यांदा द्यायची जागा आशाताईंच्या हातातील माता व बाल संरक्षण कार्ड हीच आहे. त्याला एक पान जोडून इजेची पातळी, नेहमीचा रक्तदाब, लघवीची नळी किती तासांनी घालतात, डोके ठणकून घाम सुटल्यास तिला लगेच बसते करून, कपडे सैल करून आधी नळी तपासावी ही सूचना, आणि मिथाइलअर्गोमेट्रिन (प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी देतात ते) व सक्सिनिलकोलिन (भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी देतात ते) ही औषधे टाळावीत अशी डॉक्टरांच्या सहीची नोंद, एवढे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले असावे.