तारलीची सरकती हद्द आणि पर्ससीनचा वाद : पार्श्वभूमी

तारली हा थव्याने फिरणारा लहान मासा एखाद्या वर्षी उदंड मिळतो आणि एखाद्या वर्षी दिसेनासा होतो, हा मलबार किनाऱ्याचा जुना अनुभव आहे. 1940 च्या दशकात ती अशीच आटली, तेव्हा मद्रास प्रांताच्या सरकारने 1943 मध्ये पिल्लांच्या पकडीवर बंधने घातली आणि काही वर्षांतच ती उठवली.

1985 पर्यंत तारलीचे मुख्य वास्तव्य 8 ते 14 अंश उत्तर अक्षांशांदरम्यान, म्हणजे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत होते. पावसाळ्यात तेथे तळाचे थंड, पोषक पाणी वर येते, त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) फोफावते आणि ते कल्ल्यांनी गाळून खाणारी तारली त्याच सुमारास अंडी घालते. पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे पावसाळी महिन्यांतील तापमान 1901 ते 2012 या काळात सुमारे 1.2 अंश सेल्सिअसने वाढले. पाणी तापत गेले तशी तारली गोवा, महाराष्ट्र आणि गुजरातपर्यंत पसरली व कोकणात पर्ससीनच्या जाळ्यांत (थव्याला वेढा घालून खालून आवळली जाणारी मोठी जाळी) तिचे थवे येऊ लागले.

पुढचा वाद याच जाळ्यांवरून पेटला. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने महाराष्ट्र सरकारने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत दिली आणि परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणण्याचे ठरवले. रापणकरांसह (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे) पारंपरिक मच्छीमारांची ही अनेक वर्षांची मागणी होती. पर्ससीनधारकांना मात्र हा पोटावरचा घाव वाटला. आदेश आवश्यकच होता, कारण किनाऱ्यालगत आलेला अख्खा थवा एका वेढ्यात उचलला जात असताना लहान होडीच्या वाट्याला काही उरत नव्हते. तरीही महिने आणि परवाने मोजणारा हा नियम मासा स्थिर आहे असे गृहीत धरतो, ही त्याची खरी उणीव आहे. राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीने जबर दंड आणला, पण चौकट तीच राहिली.

मासा स्थिर नाही, हे केरळने याच काळात अनुभवले. तेथे 2012 मध्ये सुमारे 3.9 लाख टन तारली उतरली होती. 2015 च्या एल निनोने (प्रशांत महासागराचे पाणी तापून हवामान बदलण्याची घटना) अन्नसाखळी विस्कटली, बेसुमार पकडीने त्यात भर घातली आणि 2021 मध्ये जेमतेम 3,300 टन हाती लागली. 2023 मध्ये ती पुन्हा लाखाच्या वर गेली. तापलेल्या समुद्राकडे बोट दाखवून जाळ्यांना निर्दोष ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, सुमारे अडीच वर्षेच जगणाऱ्या या माशाची अंडी घालण्याआधीच पकड झाली, तर अनुकूल वर्ष येऊनही साठा लवकर सावरत नाही.