रंग रोखणारे वनस्पती-अर्क : हातमोज्यांपासून ज्येष्ठमधापर्यंत

चिरलेलं वांगं पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं. ते काळं करणाऱ्या विकराच्याच (एन्झाइमच्याच) कुळातलं एक विकर आपल्या त्वचेत रंग घडवतं, टायरोसिनेज. फ्रान्समध्ये बुर्केलो आणि बेरत्राँ यांनी १८९५ मध्ये ते अळिंबीत ओळखलं. ते अडवलं की मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, कमी बनतं. सौंदर्यप्रसाधनांतल्या बहुतेक ‘उजळ’ अर्कांची भिस्त एवढ्यावरच आहे.

रसायनाने रंग जातो, हे कळलं ते मात्र अपघाताने. अमेरिकेत चामडं कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठले. १९३९ मध्ये त्याची वैद्यकीय नोंद झाली. दोष निघाला रबरी हातमोज्यांचा. रबर टिकावं म्हणून त्यात मोनोबेंझोन घातलेलं होतं. त्याचाच नातलग हायड्रोक्विनोन पुढे डागांवरचं मलम झाला. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून नोंद आली, की ते दीर्घकाळ चोळणाऱ्यांच्या चेहऱ्यावर निळसर-काळे डाग पडत आहेत.

मग ‘सौम्य’ पर्याय म्हणून वनस्पतींकडे लक्ष वळलं. जपानने १९८०च्या दशकाच्या अखेरीस अर्ब्युटिन बाजारात आणलं. बेअरबेरी या झुडपाच्या पानांत ते सापडतं. रचना पाहिली तर ते ग्लुकोजला बांधलेलं हायड्रोक्विनोनच.

त्याच वाटेने रोडोडेंड्रॉल आलं. जपानी लोक ज्या मेपलच्या सालीच्या काढ्याने डोळे धूत, त्या झाडात आणि बर्चच्या सालीत हे द्रव्य असतं. २००८ मध्ये त्याला जपान सरकारची मान्यता मिळाली आणि कानेबो कंपनीच्या क्रीममध्ये ते आलं. जुलै २०१३ मध्ये कंपनीला ती उत्पादनं परत मागवावी लागली. १९ हजारांहून अधिक ग्राहकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे आले होते. टायरोसिनेज या रेणूला नुसतं अडकून बसत नव्हतं, त्याचं विषारी क्विनोन करत होतं आणि रंगपेशी मरत होत्या. म्हणजे हातमोज्यांचीच गोष्ट पुन्हा घडली, चौऱ्याहत्तर वर्षांनी. वापर थांबवल्यावर अनेकांचा रंग परतला, सगळ्यांचा नाही. झाडात सापडतो म्हणून रेणू निरुपद्रवी ठरवणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

आपल्याकडे जाहिरातींत चरकसंहितेचा दाखला देतात. तिथल्या दहा ‘वर्ण्य’ द्रव्यांत चंदन, वाळा, मंजिष्ठा, सारिवा यांच्यासोबत मधुक, म्हणजे ज्येष्ठमध, आहे. पण वर्ण्य म्हणजे वर्णाला हितकर, कांती देणारं; गोरं करणारं नव्हे. ज्येष्ठमधातल्या ग्लॅब्रिडिनचा टायरोसिनेजवरचा परिणाम जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये मांडला, तोही पेशींवर आणि गिनीपिगच्या त्वचेवर. शिवाय ग्लॅब्रिडिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. गुलाबपाण्यात कालवलेल्या ज्येष्ठमधाच्या लेपात ते फारसं उतरतच नाही.